बाबांचा आवाज परत आला ती दुपार

आईच्या आजारपणात माझी श्रद्धा हळूहळू विरत चालली होती. बाबा गेले आणि वर्षाच्या आतच तिला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, ओळख पुसट झाली. घास तोंडाशी नेला की ती भिंतीकडे मान फिरवायची. ती वळायची फक्त बाबांच्या भजनांनी. बाबा दर गुरुवारी दत्ताच्या देवळात गायचे आणि निवृत्तीनंतर घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःच ती भजनं रेकॉर्ड करून ठेवली होती. तो आवाज लागला की आईचे ओठ सैल व्हायचे, आणि मी हळूच मऊ वरणभात भरवायचे.

जानेवारीत, सगळं ग्वाल्हेर कोहऱ्यात, दाट धुक्यात बुडालेलं असताना, एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. दिवा लागायचा, आतला पंखा घुमायचा, पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन सगळं थांबायचं. डिस्क सापडत नाही, एवढंच त्यातून मला कळत होतं. मी वायरी काढून पुन्हा लावल्या, कितीदा तरी बटण दाबलं. शेवटी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "दीदी, हार्ड डिस्क गई समझो. डेटा मिल भी सकता है, नहीं भी." ती भजनं दुसरीकडे कुठेही नव्हती. त्या दिवशी आईने पाण्याशिवाय काही घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर नाकातून नळी घालण्याबद्दल बोलू लागले.

त्या दुपारी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून मी देवळात गेले. धुकं थेट गाभाऱ्यापर्यंत आलं होतं आणि समई कुठेतरी फार दूर तेवत असल्यासारखी दिसत होती. एरवी मी देवाला काय करायचं ते सांगत असे. त्या दिवशी मागायला शब्दच उरले नव्हते. "आता तुझं तू बघ," एवढंच म्हटलं आणि बसून राहिले. जागी होते की डोळा लागला होता, आजही सांगता येत नाही.

"बेटा, ये दर्पण कॉलनी किधर पड़ेगी?"

तपकिरी शाल पांघरलेल्या एक वयस्क बाई समोर उभ्या होत्या. "चला, मी तिथेच राहते," मी नकळत मराठीत बोलून गेले. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मराठीच का तू? मी इंदूरची. भाचीकडे आलेय, ऑटोवाल्याने इथेच उतरवून दिलं." वाटेत त्यांनी विचारलं, "डोळे का सुजलेत गं?" आणि मी त्या अनोळखी बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या थांबल्या. "पडद्यावर अक्षरं येतात ना? मग आशा आहे. शाळेत कॉम्प्युटर शिकवण्यात माझा जन्म गेला. भाची थांबेल, आधी तुझ्या घरी."

त्यांनी कुठलंसं बटण दाबून सेटिंग उघडलं. तिथली तारीख कितीतरी वर्षं मागची होती, बाबा असतानाची. "आतला सेल संपलाय," इंदूरच्या त्या मावशी म्हणाल्या. "तो संपला की मशीन तारीख विसरतं, डिस्क कशी वाचायची तेही विसरतं. डिस्क बहुतेक शाबूत असेल." वीज बंद करून, डब्याची बाजू उघडून त्यांनी नाण्याएवढा सेल काढला. तसाच सेल माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात निघाला. तो बसवून त्यांनी तारीख लावली, सेटिंगमधली एक ओळ बदलली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा बराच वेळ काळाच राहिला. मग हलकेच उजळला.

बाबांचा आवाज खोलीत पसरला. आईने भिंतीकडची मान वळवली. तिच्या डाव्या हाताची बोटं रजईवर ताल धरू लागली, आणि मी वाटी घेऊन बसले तेव्हा तिने आपणहून तोंड उघडलं. मावशी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. "रस्ता चुकले ते बरंच झालं बाई," त्या म्हणाल्या. जाण्याआधी त्यांनी सगळी भजनं माझ्या मोबाईलमध्येही उतरवून दिली. मग मी त्यांना भाचीच्या दारापर्यंत पोचवून आले.

याला कोणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. हात टेकल्यावरही आपल्याला कोणीतरी धरून असतं, एवढं मात्र मला त्या दुपारी कळलं, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते.

आई चैत्रात गेली. उशाशी बाबा गात होते, आणि ती उपाशी गेली नाही.