घरची डॉक्टर

माझी थोरली बहीण जनावरांच्या कॉलेजात प्राध्यापक आहे आणि माझं तिच्याशी पटत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला बहीणभावाच्या मायेचे धडे द्यायला नकोत.

आमच्या घरात माणसांपेक्षा गुरं जास्त. नजर पोचेल तिथवर कुरण, आणि त्यावर बाबांचा कळप. लहानपणी विताना अडलेली गाय ताईच सोडवायची. बाबा सांगत सुटायचे, "पोरीच्या हाताला गुण आहे." माझ्या हाताला काय आहे हे कुणी विचारलं नाही. मी शेण काढायचो. पुढे ती शिकली, डॉक्टर झाली, गाभण गुरांचा विषय शिकवू लागली, मोठ्या खुर्चीवर बसली. सुट्टीत घरी आली की चहा व्हायच्या आत गोठ्यात चूक काढायची. "पाण्याची टाकी अशी ठेवतात का रे?" जशी काही टाकी तीच रोज भरत होती!

आमच्याकडे एक रीत होती. गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत तिनं वासरू टाकलं, की वासरू कुरणाच्या टोकाला पुरायचं आणि गाईला लांबचा बाजार दाखवायचा. शेजाऱ्याला चकार शब्द नाही. बाबांनी हेच केलं, मीही हेच केलं. पण यंदा एकीमागून एक गाई गाभडायला लागल्या, तेव्हा बाबा हादरले. म्हणाले, "ताईला बोलाव. घरची डॉक्टर आहे, घरातलं घरात राहील."

इथंच आम्ही आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. ती आली, एकूण एक गुराचं रक्त काढून घेतलं. माना धरायला अर्थात मी. बाबा तिच्यासाठी स्वतः खुर्ची उचलून आणत होते, माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तपासणीचा निकाल सांगायला ती स्वतःच आली. अंगणात उभी राहूनच म्हणाली, "अर्ध्याहून जास्त कळपाला रोग आहे. मी खात्याला कळवलंय. आजारी गुरं मारावी लागतील."

बाबांनी तिच्यासाठी उचललेली खुर्ची खाली ठेवली. "अगं, तू माझी मुलगी का सरकारी माणूस?"

"गाभडलेल्या गाई बाजारात कुणी विकल्या, बाबा? त्या ज्यांच्या गोठ्यात गेल्या, त्यांनाही मुली आहेत."

माझा तोल सुटला. जन्मभर मी राबलो, आणि ही एका सकाळी येऊन सगळ्यावर नांगर फिरवणार! मी ओरडलो, "ज्या गाईच्या दुधावर वाढलीस, तिच्याच मुळावर उठलीस! तुला काय कळणार गं? तुला ना पोर ना बाळ. पोटचं गेलं की काय होतं, हे तुला कोण सांगणार?"

असलं बोलू नये हे मला कळतं. पण ती खाली मान घालेल असं वाटलं होतं, तर तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"माझी तीन गेली," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळी रक्त तपासलं, तर हाच रोग निघाला. कॉलेजात मी हातमोज्यांशिवाय कधी गाईला हात लावला नाही. उघड्या हातांनी वासरं ओढली ती इथं, याच गोठ्यात."

बाबांनी तोंडावर हात घेतला. मला मात्र संतापच आला. "आणि हे तू आज सांगतेस?"

"इतकी वर्षं लाज वाटली. परवा निकाल हातात आला, तेव्हा वाटली नाही." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "सून कुठंय तुझी?"

माझ्या सुनेला सहावा महिना. सकाळपासून एक गाय अडली होती आणि मुलगा चारा आणायला गेला होता.

मी गोठ्याकडे पळालो. सून गाईमागे गुडघ्यांवर बसली होती, बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत आत. मला बघून हसली. "मामंजी, पाय लागले हाताला. आलंच बघा आता."

"हात काढ!" मी इतक्या जोरात ओरडलो, की ती रडायलाच लागली. मागून ताईचा आवाज आला, तोच हुकमाचा, जो मला जन्मात आवडला नाही. "साबण आण. भरपूर पाणी आण. पळ!"

मी पळालो.