ईनबाई आणि आमची मन्याड मोटर्स

आमच्या ईनबाईंशी मी चौदा वर्षं धड बोलले नव्हते. मग आम्ही दोघींनी मिळून मोटारीची कंपनी काढली.

हसू नका. कागदावर काढली, पण काढली.

ईनबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. उदगीरच्या. घरी धान्याची आडत. आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून हे लिहून राहिले.

आधी अबोला कशाचा ते सांगते. चूक माझीच होती.

लग्नाचा बस्ता बांधायचा होता. आम्ही नांदेडहून उदगीरला गेलो, तिथून दोन्हीकडचे मिळून एका जीपनं लातूरला. मी नवऱ्या मुलाची आई. ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, मानानं.

त्या मागं, आडव्या बाकड्यावर, पिशव्यांमधी.

त्यांना गाडी लागली होती. मला दिसत होतं. मी उठले न्हाई.

लातूरला पोचलो तर बाईच्या तोंडावर रंग न्हाई. दुकानाच्या पायरीवर लिंबू चोखत बसल्या. आणि आत त्यांच्या पोरीचा शालू मी निवडला.

त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या न्हाईत. "या." "बसा." "जेवा." चौदा वर्षं एवढंच.

मग तीन वर्षांमागं माझी नात गौरी सायकलवरून पडली. पायाला प्लास्टर. मुलगा-सून दोघं नोकरीला. म्हणून सुट्टीभर ईनबाई नांदेडला आमच्याकडं आल्या.

एक पोरगी, दोन आज्ज्या, एक खोली. काय करणार?

गौरीला गाड्यांचं लई वेड. ड्रॉइंगच्या वहीत तिनं स्वतःची कंपनीच काढली होती. नाव ठेवलं होतं वेलोरा.

ईनबाई म्हणल्या, "हे पोटदुखीचं औषध हाय का गं?"

"अव्वा, ब्रँड हाय तो!" गौरी ह्या आज्जीला अव्वा म्हणायची.

"मग इकडचं नाव ठेव की."

नांदेडहून उदगीरला जाताना मन्याड नदी लागती. झालं, मन्याड मोटर्स. लोगो माझा. शाळा माझी तिसरीपर्यंत, पण रांगोळीला हात चांगला हाय. नऊ ठिपक्यांत चाक बसवून दिलं.

मॉडेलची नावं ईनबाईंनी ठेवली. आडतीवाल्या घरची बाई, तिला दुसरं काय सुचणार?

सगळ्यात लहान गाडी मूग. तिच्याहून मोठी तूर. घरातल्या सगळ्यांसाठी हरभरा. सामान न्यायला सोयाबीन.

"अव्वा, मूग नावाची गाडी कोण घेईल?"

"मुगाचा भाव बघितला का? मोठी माणसंच घेतील."

मुगाची पायरी मी चार बोटं खाली घेतली, आमच्या गुडघ्यांसाठी. दार असं की पदर अडकत न्हाई. तुरीला सीटखाली बरणीचा खड्डा, लोणचं सांडायचं कामच न्हाई. हरभऱ्याचा हॉर्न ईनबाईंचा. म्हणल्या, "माझे सासरे घरात येताना खोकायचे, तसा आवाज पाहिजे. माणूस आपोआप बाजूला होतं."

आणि खोकून दाखवलं. गौरी इतकी हसली की पाय दुखला म्हणून रडली.

इंजिनाचं आम्ही गौरीवर सोडलं. सगळं आपणच करायचं का?

मग वऱ्हाडाची गाडी काढायला घेतली. वाटाणा.

"अव्वा, ह्यात काय पाहिजे?"

ईनबाई मेथी निवडत होत्या. मान वर केली न्हाई. "मागं आडवं बाकडं नको. मागच्या माणसाला बी पुढचा रस्ता दिसला पाहिजे."

मी रंगाचा खडू खाली ठेवला.

मी म्हणले, "ईनबाई, त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं."

त्यांनी दोन काड्या निवडल्या. तीन.

"शालू चांगला होता," म्हणल्या. "मी मोरपंखी घेतला असता, एवढंच."

"मग सांगायचं न्हाई का?"

"तोंडात लिंबू होतं."

मला आधी हसू फुटलं का त्यांना, देव जाणे. दोघींच्या डोळ्यांतून पाणी, मेथी सगळी खाली, आणि गौरी ओरडून राहिली, "काय झालं? मला बी सांगा की!"

वाटाण्याला आम्ही सहा सीट काढल्या. सहाच्या सहा पुढच्या रांगेत.

"आज्जी, ही रस्त्यात मावणार न्हाई!"

ईनबाई म्हणल्या, "रस्ता वाढवू. मान कुणाचा कमी करायचा न्हाई."

त्यानंतर रोज फोन. सून म्हणायची, तुम्हा दोघींचं भांडण होतं तेच बरं होतं, फोन तरी मोकळा राहायचा.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या दिवाळीला मी उदगीरला गेले आणि त्यांना म्हणले, चला, सुनेला साडी घेऊ. तुम्ही निवडायची. गाडी ठरवली. दोघी मागं बसलो, खिडक्या उघड्या.

ड्रायव्हर म्हणला, "मावशी, एकजण पुढं बसा की."

दोघी एकदमच म्हणलो, "न्हाई!"

लातूरपर्यंत ईनबाईंना गाडी लागली न्हाई. दुकानात त्यांनी अर्धं कपाट खाली काढायला लावलं. मी तोंडावर पदर धरून बसले. एक अक्षर बोलले न्हाई. आयुष्यात एवढं अवघड काम केलं न्हाई मी.

शेवटी त्यांनी एका साडीवर हात ठेवला. डाळिंबी.

मला राहवलं न्हाई. "अहो, मोरपंखी म्हणल्या होत्या ना?"

"एवढ्या वर्षांत माणसाचं मन बदलत न्हाई का?"

महिन्याभरानं गेल्या. सकाळची पूजा झाली, चहा घेतला, खुर्चीत टेकल्या, तशाच.

ईनबाई, लई मजा आली तुमच्या संगतीनं. अजून थोडी पाहिजे होती.

तुमच्याच रीतीनं हात जोडते, शरणू शरणार्थी.