मालिका संपेपर्यंत

रॉकेलचा वास आला की मला बडोद्यातली, दांडिया बाजारातली एक दुपार आठवते. आमच्याकडे नुकतीच केबल आली होती आणि शेजारच्या बायका जेवणं उरकून मालिका बघायला जमायच्या. पलीकडच्या घरची नवी सून दाराजवळ बसायची, सासूची हाक ऐकू यावी म्हणून. त्या दिवशी मालिकेतली सून नवऱ्याचा मार विसरून पुन्हा सासरी परतली आणि बायकांनी समाधानाने डोळे पुसले. सगळ्या गेल्या, तरी ही उठेना. आईने विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?" ती हळूच म्हणाली, "काकू, आमच्याकडे गॅस आहे. तरी सासूबाईंनी काल रॉकेलचा डबा आणून मोरीत ठेवलाय. कशाला, असं विचारलं तर त्या आणि हे नुसते हसले." तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "सूनबाई, चालो, किती वेळ?" आईने टीव्ही मोठा केला आणि ओरडून सांगितलं, "दुसरी मालिका लागलीय, संपली की पाठवते!" मग स्वतःच्या चपला तिच्या पायात घालून, मला सोबत देऊन, तिला मागच्या जिन्याने डभोईच्या बसला धाडलं. तिथे तिचं माहेर होतं. बसमध्ये ती सारखी मागे वळून बघत होती. तिच्या वडिलांनी तिला परत सासरी पाठवलं नाही. पण वर्षभरात त्या घरात दुसरी सून आली. तिला आमच्याकडे टीव्ही बघायला कधीच सोडलं नाही. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.