डावा की उजवा: डिंभ्याच्या पाण्यावर, एका स्कीवर

गुडघ्याचे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "हा हंगाम करा हवं तर. पुढच्या वर्षीपासून बंद." मी मान डोलावली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच अशोकला फोन लावला. धरणात पाणी किती आहे, सकाळी वारा पडलेला असतो का, आणि एकेरी स्की मोकळी आहे का, एवढंच विचारलं. बायको, मंगल, शेजारीच उभी होती. रिक्षाला हात करता करता तिने विचारलं, "म्हणजे आपण चाललोय तर?"

मोटरबोटीमागे दोर धरून, पायात दोन फळ्या अडकवून पाण्यावरून जातात, ते तुम्ही पाहिलं असेल. दोन स्कीवर मला जमतं. स्लॅलममध्ये मात्र एकच स्की असते, दोन्ही पाय तिच्यावरच, एकामागे एक. तरबेज माणसं तशी तरंगत्या गोळ्यांच्या रांगेतून नागमोडी निघतात. माझी मागणी तेवढी मोठी नव्हती. पाण्यात बसलेलं असताना बोटीने ओढावं आणि मी एका स्कीवर उठून उभा राहावं, बस. तीन हंगाम प्रयत्न केला, तिन्ही हंगाम तोंडावर आपटलो. हा चौथा, आणि शेवटचा.

शनिवारी पहाटे चाकणहून निघालो. मंचरपर्यंत हमरस्ता, तिथून डावीकडे घोडेगावचा फाटा. घोडेगावात मिसळ खाऊन घ्या, पुढे सकाळी फारसं काही उघडं नसतं. एसटीने येणार असाल तर परतीची गाडी उतरतानाच विचारून ठेवा. डिंभ्याच्या गाड्यांचा नेम नाही. माघाचे दिवस होते. शिनोली ओलांडली आणि मंगलने काच वर केली.

अशोक माझा शाळासोबती. आमच्या गावच्या शाळेत एका बाकावर होतो. तो फौजेत गेला, तिथे बोटींवर काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर सासुरवाडीच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याच्या काठी येऊन राहिला. परवान्याची एक बोट आहे, राहायला दोन खोल्या आहेत. आम्हाला बघून तो धक्क्यावरूनच ओरडला, "आलास का राव! गुडघा आणलास का घरीच ठेवला?"

"डाव्याला पट्टा बांधून आणलाय," मी म्हणालो.

"वहिनी, तुमी बोटीत बसा. मागं तोंड करून. ह्यो पडला की मला सांगायचं. लई काम हाय तुमाला आज."

आता सामानाविषयी, कारण मला दर वेळी लोक हेच विचारतात. मी कारखान्यात फिटर आहे, त्यामुळे या भागात माझा जीव रमतो. शिकाऊ माणसाने रुंद स्की घ्यावी. ती अंगच्या वजनावरून निवडतात, उंचीवरून नाही. पुढे पूर्ण बूट असतो, मागे बोटं सरकवायला नुसता पट्टा. या दोन्हींना मिळून बाइंडिंग म्हणतात. पुढचा बूट आधी ओला करायचा, आत साबणाचं पाणी सोडायचं आणि मग पाय घालायचा. कोरडा पाय घालायला जाल तर घाम फुटेल. टाच आत हलता कामा नये. पण आपटल्यावर पाय सुटलाही पाहिजे, नाहीतर घोटा जाईल. ओळखीच्या माणसाने हात धरावा तितपत घट्ट. बूट ज्या पट्टीवर बसवलेला असतो तिला भोकांची ओळ असते. सुरुवातीला मधलंच भोक धरा. स्कीच्या तळाला मागे एक पातं असतं, त्याला हात लावू नका. जमत नाही म्हणून पहिल्याच दिवशी पातं हलवणारे मी पाहिले आहेत. त्यांना मग काय बिघडलं तेच कळत नाही.

राहिला प्रश्न, पुढे कुठला पाय. तो माणसागणिक वेगळा. त्याची परीक्षा सोपी आहे: माणसाला सरळ उभं करून मागून ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढे. तीन वर्षांपूर्वी अशोकने मला याच धक्क्यावर ढकललं होतं आणि माझा उजवा पडला होता. शिवाय दुखरा गुडघा डावा. म्हणजे दोन्हींकडून हिशेब उजव्याचाच लागला.

पाणी गार होतं. बोटीमागे मी गुडघे छातीशी घेऊन बसलो, स्कीचं टोक पाण्याबाहेर, हात सरळ. अशोकने बोट हळूच पुढे काढली. दोर ताणला, पाणी छातीवर आलं, मी अर्धा उठलो आणि स्की उजवीकडे कलंडली.

"हात वढू नको!" अशोक ओरडला. "बोट वढतीय की तुला. तू नुसता धर!"

दुसऱ्यांदा हात सरळ ठेवले. कलंडलो. तिसऱ्यांदा घाई केली नाही, बसूनच राहिलो. उठता उठता कलंडलो. मंगलने पहिल्यांदा "पडले!" म्हटलं, मग "पडले," मग नुसता हात वर केला, आणि शेवटी अशोकच न बघता बोट वळवू लागला. ऊन वर आलं, वारा सुटला, पाण्याला सुरकुत्या पडल्या. तशा पाण्यात शिकता येत नाही. अशोकने इंजिन बंद केलं.

"तुझ्यात ताकद हाय," तो म्हणाला. "बसणं बी बरं हाय. कुठंतरी फुडं जायच्या टायमाला तू अडतूस. का अडतूस ते मला नाय समजत."

रात्री त्याच्या घरी मासवडी होती. नाव मासवडी असलं तरी तिच्यात मासा नसतो. बेसनाच्या पापुद्र्यात तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर तिखट रस्सा. या भागात येऊन ती न खाता जाणारा माणूस मला माहीत नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या तरी तोंड उतरलेलंच होतं. अशोकची बायको मंगलला म्हणाली, "पावणं गप हायेत." मंगल म्हणाली, "पाणी गेलंय कानात." मी तिला उगाच हसून दाखवलं. खरं सांगायचं तर, एका स्कीवर एकदाही न उठताच घरी जावं लागेल हे मला दिसू लागलं होतं.

रविवारी बोट सहलीच्या लोकांसाठी असते. म्हणून आम्ही भीमाशंकरला गेलो. नाहीतरी जाणारच होतो. इथवर येऊन देवाला न भेटता परतायची मला सवय नाही. डिंभ्यावरून पोखरीचा घाट चढून तळेघरमार्गे सव्वा तासाचा रस्ता. वळणं बरीच, पण डांबर चांगलं. रविवार टाळता आला तर टाळा. आम्हाला वाहनतळ लांब मिळाला आणि पायऱ्यांवर रांगच रांग. उतरताना गुडघा बोलतो, म्हणून कठड्याच्या बाजूने चाला. वरच्या झाडीत एक शेकरू दिसलं. तांबूस, भलं मोठं शेपूट. सगळी रांग वर बघायला लागली आणि रांगेतली भांडणं तेवढ्यापुरती थांबली.

माझी आई म्हणायची, नव्या जागी पाय ठेवायचा तो उजवा. घरात, देवळात, पेरणीच्या वावरात, अगदी एसटीच्या पायरीवरसुद्धा. ते मला कधी ओझं वाटलं नाही. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आलो, हातात बेल होता. वाकून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि उजवा पाय उचलायला थांबलो. माझ्यामागे जुन्नरकडच्या बायकांचा जथा होता.

"ओ भाऊ, व्हा की म्होरं!" त्यातल्या एका म्हातारीचा आवाज आला. "उंबऱ्यात काय बिऱ्हाड करताय काय?"

आणि पाठीत धक्का बसला. साधासुधा नाही, अख्ख्या जथ्याचा. मी आत गेलो. पाय पडला तो डावा. सगळं वजन त्या दुखऱ्या पायावर आलं, गुडघा वाकला, आणि मी तसाच उभा राहिलो. हातातला बेल खाली पडला नाही.

आधी मन चरकलं. देवापुढे हात जोडले, चुकलं म्हणालो. बेल वाहिला, बाहेर आलो. चार पायऱ्या चढल्यावर कठड्याला टेकून थांबलो.

"काय झालं? गुडघा?" मंगलने विचारलं.

"मी पडलो नाही," मी म्हणालो.

"मग चांगलंच झालं की."

"अगं, मला ढकललं आणि माझा डावा पडला. आपोआप."

तिला समजावं म्हणून मी स्की, बूट, धक्क्यावरची परीक्षा, सगळं सांगत वर आलो.  वर पेढ्याच्या दुकानापाशी मी पिशवीत पैसे शोधत होतो, तर हिने मागून दोन्ही हातांनी असा काही धक्का दिला की मी थेट दुकानदाराच्या टोपलीपर्यंत गेलो.

"अहो, परत डावाच!" ती टाळी वाजवून म्हणाली.

दुकानदार मला म्हणाला, "पावणं, भांडायचं आसंल तर आधी पेढं घ्या." आम्ही अर्धा किलो घेतले.

सोमवारी सकाळी धक्क्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं आणि पाणी आरशासारखं होतं. यायचं तर असंच, कामाच्या दिवशी या. मी अशोकला म्हणालो, "बूट फिरवायचा. डावा पुढे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आरं, मी ढकललं व्हतं तुला. उजवा टाकलास तू!"

"तू 'ढकलतो हां' म्हणून ढकललंस. मला वाटलं, आता पाण्यात जायचंय, नवी जागा आहे. म्हणून मी उजवा टाकला."

"पाण्याला कुठं उंबरा असतो रे?" त्याने कपाळावर हात मारला. "तीन वर्षं! तीन वर्षं मी बोट फिरवतोय, आन् ह्यो पाण्याला उंबरा करून बसलाय! आन् कळलं कसं तुला?"

मंगलने गाभाऱ्यातली गोष्ट सांगितली. अशोकच्या घरी देवळात जात नाहीत. त्याच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर आहे. तो म्हणाला, "तुमच्या देवाचा मी ऋणी हाय, वहिनी. माझं डिझेल वाचवलं त्यानं." मग गंभीर होऊन माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "पन डाव्यावर वजन येणार. चालंल का?"

"दोनदा बसेन. तिसऱ्यांदा नाही," मी म्हणालो.

बूट दोन्ही पायांना चालणारा होता, पण त्याची पट्टी उजव्या पायासाठी किंचित कोनात बसवलेली होती. ती मी स्वतः सोडवली आणि तेवढ्याच कोनात दुसऱ्या बाजूला फिरवली. मागचा पट्टाही तसाच. स्क्रू हातानेच आवळा; जोर लावलात तर स्कीच्या आतले आटे जातात. माझा सोमवारचा उपास होता. राजगिऱ्याचा लाडू आणि एक केळं खाल्लं, गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि पाण्यात उतरलो.

पहिल्यांदा पडलो. पण या वेळी बाजूला नाही, समोर पडलो. घाईने उठायला गेलो होतो. पाण्यात तरंगताना मला हसू आलं. नवीन चूक होती ही, आणि तिचं कारण मला माहीत होतं.

दुसऱ्यांदा मनात देवाचं नाव घेतलं आणि गुडघे छातीशी धरून बसून राहिलो. दोर ताणला. छातीवर पाणी आलं, मग पोटावर, मग मांडीवर. स्कीचं टोक डुललं, पण कलंडलं नाही. मी हात ओढले नाहीत. कंबर दोराच्या टोकाच्या दांड्याकडे आली, वजन पुढच्या पायावर गेलं आणि पायाखालचं पाणी एकदम कठीण झालं. जसा काही ओटा.

मी उभा होतो.

बोटीत मंगल सवयीने हात वर करून बसली होती. तो हात तिने तसाच धरला, मग दुसराही वर केला आणि काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. अशोकने मागे वळून पाहिलं आणि बोटीला थोडा वेग दिला. पाण्याकडे बघायचं नसतं, समोर बघायचं असतं. म्हणून मी समोरचे डोंगर पाहिले, काठाची गवताळ उतरण पाहिली, जाळं सोडून परतणारी एक होडी पाहिली. होडीतल्या माणसाने वल्हं उचलून दाखवलं. मी थोडा डावीकडे कललो, बोटीमागच्या लाटेवरून उतरून पलीकडच्या शांत पाण्यात गेलो आणि परत आलो. परत येताना लाट ओलांडली तेव्हा दोर ढिला पडला. मी दांडा सोडला आणि पाण्यात बसलो.

बोट वळून जवळ आली. अशोक खाली वाकला. "आरं, झकास! आजून एकदा जाऊ. आता गोळ्यांमधनं बी जाशील तू."

गुडघा पाण्यात ठणकत होता. माझ्या मनात होतं, जावं. मग मी बूट सोडला आणि स्की त्याच्या हातात दिली.

"दोनदा म्हणालो होतो," मी म्हणालो.

 मंगलने टॉवेल पसरला. 

चाकणला आल्यावर गुडघा आठवडाभर शेकला. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले, आणि मग स्कीविषयी बराच वेळ विचारत बसले. बंद म्हणजे बंद, यावर आमचं एकमत झालं. वाईट वाटलं का, असं मला ओळखीचे लोक विचारतात. थोडं वाटलं. पण तीन हंगाम मी तिथून घरी येताना काय चुकलं याचाच विचार करत यायचो. या वेळी अख्खा रस्ता मी डोंगर पाहत आलो.

महिन्याभराने माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. पारगावजवळची आमची शेती तो बघतो. "दादा, धरनाचं पाणी सोडलंय. आज आपल्या चारीला आलं. कांद्याला देतोय." मी त्याला म्हटलं, तुझ्या चारीत आलंय त्या पाण्यावर मी उभा होतो, एका फळीवर.  पलीकडे खोऱ्याचा चिखलात चपकन आवाज आला.

"आसं व्हय," तो म्हणाला. "तरीच म्हनलं, आज पाणी मुंगीगत हळूहळू का येतंय. दमवलं तुमी त्याला." आणि हसत हसत, फोन बंद न करताच खिशात टाकून, पाणी वळवून पुढच्या वाफ्याला दारं धरायला गेला. मी फोन कानाला तसाच धरून बसलो. बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं.