शांघायच्या तिसऱ्या वळणावर

ती घटना आजही आठवते, असं लिहायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. माझं जरा उलटं आहे. मी ती विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण घरात कुणी विसरू देत नाही. नातवंडं झोपत नसली की आमची सौभाग्यवती आजही सांगते, "झोपा मुकाट्यानं, नाहीतर आजोबांना ड्रॅगन व्हायला सांगीन."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नव्याने फौजदार होऊन सांगलीत रुजू झालो होतो. मिशी नवी, कमरेचा पट्टा नवा, आणि गावातली शांतता केवळ आपल्यामुळे टिकून आहे हा समजही नवाच.

गणपती बसायला थोडे दिवस राहिले असताना हळदीच्या पेठेतला एक कार्यकर्ता ठाण्यात आला. खुर्ची माझ्याजवळ ओढून हळू आवाजात म्हणाला, "सायेब, आमच्या शेजारच्या मंडळात चीन चाललाय."

"चीन चाललाय म्हणजे?"

"अख्खं शहर उभं कराय लागल्यात. बासष्टला आपली पोरं बर्फात गेली, अन् ह्यांनी गणपतीम्होरं चीन मांडलाय. शोभतंय व्हय हे?"

मी ताबडतोब स्टेशन डायरीत नोंद केली. शत्रुराष्ट्राचा प्रचार उघडकीस आणणारा फौजदार म्हणून माझा फोटो पेपरात कसा दिसेल, याचाही विचार नोंद करता करताच झाला. खबऱ्याच्या स्वतःच्या मंडळाचा देखावा यंदा फिका पडणार होता, हे मला नंतर कळलं. ठाण्यात येणाऱ्या खबरीत देशभक्ती थोडी आणि शेजाऱ्याच्या मंडपातली गर्दी जास्त असते.

दोन शिपाई घेऊन मी छापा घातल्यासारखा त्या मंडपात शिरलो आणि आ वासून उभा राहिलो. समोर पूर्ण चंद्रासारखं गोल दार. त्यातून आत गेलं की नदीकाठच्या दगडी इमारतींची रांग, मधोमध उंच घड्याळाचा मनोरा. पुढे जुनी बाग. वाळलेल्या वारुळांसारखे भोकं पडलेले खडक, विटांचं कडं घालून ताडपत्रीवर साठवलेलं कमरेएवढ्या पाण्याचं तळं, तळ्याच्या मधोमध टोकं वर वळलेल्या छपराचं चहाघर, आणि त्याकडे जाणारा एक लाकडी पूल. पूल कसला, विजेच्या चमकेसारखी वाकडी वळणं नुसती. तिसऱ्या वळणावर डाव्या हाताला भिंत होती आणि तिच्या माथ्यावरून कौलांच्या खवल्यांचा एक ड्रॅगन वळत वळत येऊन जबडा उघडून बसला होता.

हे सगळं उभारणारे गृहस्थ मिरजेकडचे. पेठेत त्यांना सगळे चाचा म्हणत. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर इंजिनात कोळसा टाकायला होते. एकदा शांघायच्या बंदरात बोटीचं इंजिन बिघडलं, दुरुस्ती लांबली आणि चाचांनी ते शहर पायी पालथं घातलं. तेव्हा पाहिलेली बाग त्यांनी आयुष्यभर डोक्यात सांभाळली होती.

मी आवाज चढवून विचारलं, "इथं चीनचा प्रचार चाललाय, खरं का?"

"परचार कसला साब? बाग हाय ही. बागंला सरकार नसतंय, माळी असतोय."

"आणि हा पूल असा वाकडा का बांधलाय?"

"तिथली मान्सं म्हणत्यात, भूत निस्तं सरळ चालतंय, त्येला वळाय येत न्हाई. वळणावर आलं की पान्यात."

प्रचार सापडला नाही. मात्र चहा मिळाला.

देखावा उघडला आणि गर्दी लोटली. तासगाव, कराड, जतकडून एस.टी. भरभरून माणसं यायची. चाचा मागच्या बाजूला कर्णा घेऊन बसत आणि लोकांना शांघाय दाखवत. "आता घड्याळ बघा. आता खडक बघा, देवाच्या हातानं केलेलं हाय असं तिथली मान्सं म्हणत्यात. आता डावीकडं बघा!" की ड्रॅगनच्या तोंडातून धूर निघायचा, गर्जना व्हायची, पोरं किंचाळायची आणि मोठी माणसं हसायची.

दुसऱ्याच संध्याकाळी तिसऱ्या वळणावरून एका बाईची किंकाळी आली. मी पुलाच्या तोंडाशीच बंदोबस्ताला होतो. शिट्टी फुंकत धावलो. पहिलं वळण घेतलं. दुसरं वळण आलं, मी मात्र वळलो नाही. टोपी, पट्टा, शिट्टी आणि मिशीसकट तळ्यात.

कर्ण्यातून चाचांचा शांत आवाज आला, "बगा मंडळी, म्हटलं न्हवतं का?"

गर्दीने टाळ्या वाजवल्या.

फिर्यादी बाई तासगाव तालुक्यातली. नवरा फौजेत, तोही उत्तरेकडच्या सीमेवर. गळ्यातलं डोरलं अलगद कापलं होतं, मानेवर ओरखडासुद्धा नाही. मी ओल्या कपड्यांनी फिर्याद घेत होतो आणि ती मान खाली घालून बोलत होती. "सायेब, धनी चीनवर नजर ठेवाय गेल्यात, अन् हितं चीनमदीच माजं डोरलं गेलं. सासूबायनी लगनात घातल्यालं. घरी आता कुटल्या तोंडानं जाऊ?"

ते वाक्य मला ओल्या बुटांपेक्षा जास्त बोचलं. तिला म्हणालो, "ताई, देखावा उतरायच्या आत डोरलं देतो." असला शब्द फौजदाराने देऊ नये, हे मला पुढच्याच क्षणी मोठ्या साहेबांनी समजावलं.

नंतर रोज एक तरी फिर्याद येऊ लागली. जागा तीच, तिसरं वळण. मोठे साहेब म्हणाले, "अहो फौजदार, डावीकडं बघा म्हणून सांगतो कोण? आणि दागिना जातो कधी? आणा त्या चाचाला. चोर मिळाला नाही तर चाचा आत आणि चीन बंद."

मी चाचांना चौकशीला आणलं. त्या संध्याकाळी मंडप अंधारात राहिला आणि खेड्यांतून आलेली माणसं ठाण्यासमोरून आम्हाला नावं ठेवत परत गेली.

"चोरीच्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"शांघायमध्ये."

"सरळ उत्तर द्या."

"साब, सरळचं तुमी तरी बोलू नगा."

ठाणे अंमलदार पेन्सिल शोधायला टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"तुम्हाला चोर दिसला का, एवढंच सांगा."

आता चाचांचा चेहरा पडला. "मला निस्त्या पाठी दिसत्यात साब. मी मागं बसतोय. एवढी बाग बांदली, पन ती बगताना मान्सांची तोंडं कशी होत्यात, ते मला कवाच दिसलं न्हाई. तोंडं बगनारा तिथं एकच हाय."

"कोण?"

"ड्रॅगन."

मी उठून मोठ्या साहेबांकडे गेलो. चाचांना माझ्या जबाबदारीवर सोडा म्हणालो. साहेबांनी सोडायच्या कागदावर सही केली. "हा माणूस पळाला तर त्याच्या जागी तुम्ही बसाल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॅगनच्या डोक्यात बसलो. आत बांबू, पत्रा, एक स्टूल, धुपाचं धुपाटणं, तो धूर बाहेर फेकायला लोहाराचा छोटा भाता आणि गर्जना करायला पत्र्याचा भोंगा. डोळ्यांत लाल दिवे होते, त्यांचं बटण माझ्या हाताशी. बेत असा, की संशयित वळणावर दिसला की मी डोळे मिचकावायचे आणि पुलाच्या टोकाला साध्या वेशात उभ्या असलेल्या हवालदारांनी त्याला धरायचं. माझा तर्क सोपा होता. सगळं जग ड्रॅगनकडे बघत असताना जो बघत नाही, तो चोर.

तासाभरात असा एकजण दिसला. तरणाबांड, नजर सारखी शेजारच्या बाईच्या गळ्याशी. मी डोळे मिचकावले. हवालदारांनी झडप घातली. तो एका पाटलांचा जावई निघाला, आणि शेजारची बाई त्याची नवीनच लग्न झालेली बायको. "आवं, माजीच हाय की! बगू नगं का?" तो कळवळून विचारत होता. कायद्यात त्याला उत्तर नव्हतं.

मला अपमान वाटायला हवा होता. पण खरं सांगतो, ड्रॅगनगिरीत मी पुरता रमलो होतो. एरवी मला ठाण्यातला शिपाईसुद्धा भीत नसे. इथे भाता दाबून एक गर्जना केली की पोरं आईच्या पदरात, म्हातारे मागच्याच्या पायावर. मी आवाजात फरक करू लागलो. आधी गुरगुर, मग गर्जना, शेवटी फुत्कार. मंडळाचे लोक म्हणाले, यंदाचा ड्रॅगन शेवटी शेवटी फारच रंगात आलाय.

विसर्जन तोंडावर आलं तरी चोर नव्हता. अशाच एका संध्याकाळी माझ्यासमोर एक तान्हं लेकरू आलं. निळी कुंची घातलेलं, तरुण आईच्या कडेवर. मागे पानाची चंची घेतलेली म्हातारी. मी गुरगुरलो. लेकराने तोंडातली मूठ काढून माझ्याकडे पाहिलं आणि मूठ परत तोंडात घातली. मी गर्जना केली. आजूबाजूची पोरं रडायला लागली. ह्याने जांभई दिली.

मी दुखावलो. दोन्ही हातांनी भाता दाबला आणि घसा फाटेपर्यंत ओरडलो. लेकरू माझ्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघून हसलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिल्यांदा ड्रॅगन बघणारं पोर असं हसेल का? ह्याने मला रोज पाहिलंय! आणि अंगावर पिणारं पोर घेऊन, एवढ्या गर्दीत, कोण रोज रोज शांघाय बघायला येतं? मी पोराकडून नजर काढून खाली पाहिलं. म्हातारीचा अडकित्ता पुढच्या बाईच्या मानेपाशी होता. सुपारीवर नव्हे, बोरमाळेच्या दोऱ्यावर. पान खाणाऱ्या म्हातारीच्या हातातल्या अडकित्त्याचा संशय कुणाला येणार?

मी बटण दाबलं. फ्यूज उडाला आणि ड्रॅगन आंधळा झाला.

आता एकच वाट होती. मी ड्रॅगनच्या जबड्यातून, काजळी माखलेल्या तोंडाने, थेट पुलावर उडी मारली. लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटला. "ह्याला म्हणत्यात देखावा!" कुणीतरी ओरडलं. म्हातारी पळाली. मीही पळालो, पण या वेळी वळणं पाठ होती. तिला ती पाठ नव्हती. रोज लोंढ्याबरोबर पुढे सरकणारी म्हातारी एकटी सुटली आणि सरळ तळ्यात गेली.

कर्णा गरजला, "भूत पान्यात!"

पोराच्या आईला हवालदारांनी पुलाच्या टोकाला धरलं. विजय मात्र तासभरच टिकला. ठाण्यात दोन पंच स्त्रियांसमोर झडती झाली. म्हातारी आणि पोराची आई, दोघींच्या अंगावर काही नाही. अडकित्ता तळ्यात गेलेला. बाहेर जमाव म्हणत होता, काळं तोंड करून आलेल्या फौजदाराने म्हातारीला पाण्यात ढकललं. मोठे साहेब चहाचा कप हातात धरून म्हणाले, "फौजदार, सोडा त्यांना. आणि उद्या चाचाला घेऊन या." झडतीच्या गडबडीत पोर माझ्याकडे दिलेलं होतं. ते माझ्या मांडीवर बसून माझी मिशी ओढत होतं.

म्हातारी पदर पिळत म्हणाली, "आवं, आमी लांबच्या बाया. आजच पयल्यांदा देखावा बगाय आलो. कवा बगितला न्हवता."

मला दुसरं काही सुचलं नाही. पोराला समोर उचलून धरलं आणि भर ठाण्यात, होता नव्हता तेवढा जोर लावून ड्रॅगनची गर्जना केली. कोठडीतला दारुडा भिंतीला चिकटला. मोठ्या साहेबांचा चहा गणवेशावर सांडला. आणि ते पोर खदखदून हसलं, टाळ्या पिटत, आणखी कर म्हणून माझ्या तोंडात हात घालायला लागलं.

म्हातारी मटकन खाली बसली. पोराकडे बघून म्हणाली, "मुडद्या, बोलाय यायच्या आदीच साक्ष दिलीस व्हय रं!"

आई रडायलाच लागली. "कुंची बगा," एवढंच म्हणाली.

कुंचीच्या जाड शिवलेल्या काठात त्या दिवसाचे मणी होते. पंचनाम्यात लिहायची वेळ आली तेव्हा लेखनिकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं, "साहेब, मुद्देमाल कुठून हस्तगत? तुमच्या मांडीवरून असं लिहू?" बाकीचे दागिने मिरजेच्या एका धर्मशाळेतल्या गाठोड्यात सापडले. फौजीच्या बायकोचं डोरलं त्यातच होतं. दुसऱ्या दिवशी चाचांनी तळं उपसून अडकित्ता काढून दिला. पोर आईजवळच राहिलं. ठाण्यात होतं तोवर प्रत्येक चहाला मी त्याला एक गर्जना ऐकवत होतो, आणि शिपाई तेवढ्यापुरते बाहेर जात.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. मी नजर चुकवणारी माणसं शोधत राहिलो, कारण चोर नजर चुकवतो असं आम्हाला शिकवलेलं. त्यानंतर मात्र, जिथे सगळे दचकतात तिथे जो निवांत असतो, त्याने ते आधी कितीदा पाहिलंय, हे मी विचारू लागलो. नोकरीभर त्याचा उपयोग झाला. आणि हे मला हुशारीने नव्हे, दुखावल्यामुळे कळलं, हेही लिहून ठेवतो.

मोठ्या साहेबांनी धावपळ करून कोर्टाचा हुकूम मिळवला आणि देखावा उतरायच्या आदल्या संध्याकाळी डोरलं ताब्यात दिलं. फौजीची बायको सासूला घेऊन आली होती. "बाग अर्दीच बगितली हुती," म्हणाली. चाचांनी कर्णा दुसऱ्याच्या हातात दिला आणि तिला स्वतः गोल दारातून आत नेलं. मी कुणाला न सांगता ड्रॅगनच्या डोक्यात जाऊन बसलो.

तिसऱ्या वळणावर ती थांबली. चाचा पहिल्यांदाच पाठीमागून नव्हे, समोरून लोकांची तोंडं बघत होते. "ताई, डावीकडं बगा," म्हणाले. मी माझी सगळ्यात भयंकर गर्जना केली. सासू दचकून दोन पावलं मागे गेली. सून हलली नाही. एक हात डोरल्यावर ठेवून ती ड्रॅगनच्या जबड्यात वाकून बघत म्हणाली, "सायेब, भ्या न्हाई वाटत. आवाज वळकीचा हाय. धनी सुट्टीवर आलं की सांगनार हाय त्येस्नी, तुमी तिकडं नजर ठेवून बसा, मी हिकडं चीनमदनं माजं डोरलं जिकून आले."