आबांची गाय आणि आमचा नाताळ

नाताळच्या करंज्या चार दिवसांत संपतात. किस्से मात्र वर्षानुवर्षे पुरतात, कारण ते काढायला पोरांचा हात पोहोचत नाही! उलट पोरंच त्यात दरसाल भर घालतात.

मी तेव्हा नवापूरकडच्या एका मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होतो. बायको सुलोचना नगरकडची, सात वर्षांची करुणा, चार वर्षांचा शमू आणि पाच महिन्यांचा धाकटा, असा संसार. माझे वडील, आबा, तापीकाठच्या आमच्या गावी शेती बघत. मी बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून त्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता. नातवंडांचं तोंडही पाहिलं नव्हतं. नाताळ आला की मला फार टोचायचं ते.

सुलोचना दर नाताळात गावच्या गाडीवानाबरोबर आबांना फराळाचा डबा पाठवायची. डबा परत यायचा तो गुळाने भरून. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

करुणाने एकदा विचारलं, "आबा आपल्यावर रागावलेत ना?"

"हो."

"मग गूळ कशाला?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

*

डॉक्टरसाहेबांच्या मडमबाईंना नाताळाचं झाड हवं असायचं. माळी दरवर्षी बाभळीची फांदी आणून डब्यात रोवायचा. मडमबाई तिच्या काट्यांवर कापसाचे पुंजके खोवायच्या. म्हणे बर्फ!

एका वर्षी दुपारी बघतो तर झाड बोडकं! शमूने सदऱ्याची ओटी करून सगळा बर्फ वेचला होता.

मडमबाई रडकुंडीला आल्या. शमूला काही कळेना. माळ्याच्या संगतीत त्याची अहिराणी पक्की झाली होती. तो म्हणाला, "कापूस फुटना का येचतस ना!"

खानदेशातल्या पोराला कोण चूक म्हणणार?

*

डॉक्टरसाहेब स्वतः नाताळबाबा व्हायचे. लाल झगा, कापसाची दाढी, खांद्यावर पोतडी. आपल्याला कुणी ओळखत नाही अशी त्यांची पक्की समजूत.

कंपाउंडातली वीसेक पोरं रांगेत उभी केली. साहेबांनी पोतडीत हात घातला मात्र, आणि सगळ्या रांगेने जिभा बाहेर काढल्या!

वर्षभर 'जीभ दाखव' म्हणत त्या हाताने एरंडेलच पाजलेलं, त्याला पोरं तरी काय करणार!

*

आमचे उपदेशक मास्तर फराळाआधी प्रार्थना करायचे. बादशहापासून सुरुवात. मग गव्हर्नर, कलेक्टर, पाऊसपाणी, गुरंढोरं. सगळे डोळे मिटून, आणि करंज्या ताटात.

एकदा गाडी कलेक्टरापर्यंत आली असताना शमू खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन!"

सवयीने सगळी सभा म्हणाली, "आमेन!" आणि तुटून पडली. मास्तरांचे डोळे मिटलेलेच. ते गुराढोरांचं आटपून परतले, तेव्हा एक करंजी शिल्लक होती.

तीही शमूच्या हातात.

*

आणि ते नाटक.

येशूजन्माच्या नाटकात गाय म्हणून दरवर्षी दोन पोरं घोंगडीखाली वाकायची. पुढचे पाय मागच्या पायांशी भांडायचे. त्या वर्षी करुणा मरीया झाली होती. तिला असली गाय चालेना. तिने आम्हाला न विचारता आबांना पत्र टाकलं : 'आमच्या नाटकाला गाय पाहिजे. तुमची आणा.'

आबांना वाचता येत नव्हतं. गावच्या शाळामास्तरांनी ते पारावर सगळ्यांसमोर वाचलं म्हणे!

नाटकाच्या दिवशी उन्हं कलताना आबा दावं धरून हॉस्पिटलच्या फाटकात उभे. मी धावत पुढे गेलो. मला बघताच म्हणाले, "मन्ही गाय दुसराले हात लावू देस नही, म्हनीसन उनू." म्हणजे आले ते गाईपायी, आमच्यासाठी नव्हे!

सुलोचना धाकट्याला कडेवर घेऊन पाया पडली. आबा गाईकडे बघत राहिले. पाणी दिलं. "तहान नही." खुर्ची दिली. उभेच राहिले. पाच कोस चालून आलेला माणूस!

नाटक सुरू झालं. मी पेटीवर. आमचा धाकटा बाळ येशू म्हणून गव्हाणीत, खाली मऊसूत चारा. करुणा हात जोडून, डोळे मिटून बसलेली. गव्हाणीशी गाय, आणि लांब दावं धरून कोपऱ्यात आबा.

गाणं रंगात आलं. गाईने मान लांबवली आणि बाळाखालचा चारा ओढायला लागली. एक घास, दोन घास. धाकटा कलंडला आणि त्याने टाहो फोडला. मरीयेने डोळे उघडले नाहीत. तिला तसंच शिकवलं होतं!

आबांनी दावं टाकलं. तरातरा गव्हाणीशी गेले, धाकट्याला उचललं, उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं. पोर गप्प झालं.

मडमबाई धावत आल्या. "आजोबा, गीत समाप्त होईपर्यंत बाळाने गव्हाणीतच असावयास हवे!"

आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले,

"गव्हाण गायनी शे. पोऱ्या मन्हा शे!"