दादांचा उजवा हात

झाशीतल्या नगरा नावाच्या वस्तीत आमचं रेल्वेचं क्वार्टर म्हणजे जेमतेम दीड खोली. त्यात आई, मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, मालगाडीचे ड्रायव्हर. त्या घरात कुणी नुसतं खाकरलं तरी तिघांना कळायचं, आणि तिथे मी लपूनछपून येशूची प्रार्थना करत होतो. न्हाणीघरात, नळ सोडून! बाहेरून आई करवादायची की एवढा वेळ काय करतोस मेल्या. काय ते जिणं!

शेवटी वैतागून सांगूनच टाकलं. वर्कशॉपमधल्या सोबत्याबरोबर चर्चमध्ये जातो, माझ्या पापांचा भार ख्रिस्ताने उचललाय अशी माझी खात्री पटलीय, या रविवारी बाप्तिस्मा घेणार. आई रडली. दादा एवढंच म्हणाले की आधी आजोबांची तिथी होऊ दे.

त्याच वर्षी अर्धांगवायूने दादांचा उजवा हात गेला होता. पितृपक्षात आजोबांना पाणी द्यायचं ते उजव्याच हाताने, अंगठ्याकडून सोडायचं. बाप जिवंत असताना ते मुलाने द्यायचं नसतं. भटजींनी तोड काढली: मुलाने बापाचा हात धरावा, म्हणजे पाणी बापाच्याच हातून पडेल.

झालं, पुरता अडकलो. लुळ्या पडलेल्या बापाचा हात धरायला कोण नाही म्हणेल? पण या पाण्याने आजोबा तरतील असं म्हणत तो धरला असता, तर रविवारी कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो? भटजींचा राग आला, दादांचा आला, आणि खरं सांगतो, येशूचाही आला.

"मला नाही जमणार," मी म्हणालो.

मग आईनेच पुढे होऊन हात धरला. भटजींनी मान फिरवली. निम्मं पाणी दादांच्या धोतरावर सांडलं.

रविवारी पाद्रीसाहेबांनी विचारलं, तारणासाठी एकट्या ख्रिस्तावर विसंबतोस का. मी हो म्हणालो, अगदी मनापासून म्हणालो. घरी आलो तर दादा जेवायचे थांबलेले. त्यांना मीच भरवत असे. ताट घेऊन समोर बसलो, तसे ते म्हणाले, "तू तुझा भार त्याच्यावर टाकलास. मी माझा तुझ्यावर टाकला होता. आता मेल्यावर माझं काय, ते विचारलंस का त्याला?"

मी घास पुढे केला. उत्तर ऐकल्याशिवाय ते तोंड उघडेनात.